मोठ्या माणसांच्या वर्गात उत्साह टिकवायचा कसा?

रिकामाफळा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

संध्याकाळच्या बॅचला मी मोठ्या माणसांना स्प्रेडशीट आणि जुजबी हिशेबलेखन शिकवतो. पंचविशीपासून साठीपर्यंतचे सगळे एकाच वर्गात. कोणाला नोकरी बदलायची आहे, कोणाला धंद्याचा हिशेब वहीतून संगणकावर न्यायचा आहे, कोणी 'मुलांसमोर अडायला नको' म्हणून आलंय.

अडचण नेहमीचीच. पहिल्या आठवड्यात खुर्च्या पुरत नाहीत, पुढे वर्ग पातळ होत जातो. जे टिकतात ते मागच्या रांगा पकडतात. 'समजलं का?' विचारलं की सगळ्यांच्या माना डोलतात, आणि फिरून स्क्रीन बघाव्यात तर निम्म्यांची फाइलच उघडलेली नसते.

मध्यंतरी संस्थेने गुण, बॅज, 'आठवड्याचा विद्यार्थी' असं काय काय सुरू केलं. माणसं हसली आणि विसरली. एका बाईंनी आपला बॅज सरळ नातीला देऊन टाकला.

प्रेरणेवरची भाषणं पुष्कळ ऐकली आहेत, ती नकोत. जे असे वर्ग घेतात किंवा अशा वर्गात बसले आहेत, त्यांनी फळ्यासमोर उभं राहून नेमकं काय करायचं ते सांगा.

---

खडूवाली

स्वागत. मी प्रौढांना परकी भाषा शिकवते, त्यामुळे रिकाम्या खुर्च्यांशी जुनी ओळख आहे.

माझा पहिला प्रश्न: जे गेले ते का गेले, हे तुम्हाला माहीत आहे का? सिरिल हूल या अमेरिकन अभ्यासकाने १९६१ साली, आपणहून सतत काहीतरी शिकत राहणाऱ्या २२ माणसांच्या सविस्तर मुलाखतींवरून तीन तऱ्हा मांडल्या होत्या. काहीजण ठरावीक काम साधायला येतात. काहींना वर्गातली माणसं, गप्पा, घराबाहेर पडण्याचं निमित्त हवं असतं. आणि काहींना शिकण्याचीच ओढ असते. नमुना अगदी लहान, त्यामुळे त्यावर इमले बांधू नयेत, पण माझ्या वर्गात हे तिन्ही नमुने मला नेहमी दिसतात.

यातला पहिल्या तऱ्हेचा माणूस काम झालं की जातो. बिल बनवायला शिकायचं होतं, शिकला, गेला. तुमच्या हजेरीपटावर तो 'गळती' म्हणून लागतो, त्याच्या हिशेबी तो पास झालेला असतो! दुसऱ्या तऱ्हेच्या माणसाला तुम्ही पूर्ण वेळ स्क्रीनकडे तोंड करून बसवलंत, तर तुम्ही कितीही छान शिकवा, तो कंटाळणारच. त्याला जोडीने काम द्या.

म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येकाशी दोन मिनिटं वेगळं बोला. 'का आलात?' असं विचारू नका, त्यावर सगळे 'ज्ञान वाढवायला' असं ठरलेलं उत्तर देतात. 'हे आलं की त्याचं सगळ्यात आधी काय करणार?' असं विचारा. येईल ते उत्तर नावापुढे लिहून ठेवा आणि आपली उदाहरणं त्यातूनच उचला.

---

शंकासूर

खडूवालीताईंशी सहमत, पण आता कोणीतरी 'प्रौढ विद्यार्थी स्वयंदिग्दर्शित असतो' हे सुभाषित टाकणार, त्याआधीच हात वर करतो.

हे प्रौढशिक्षणाचे अमेरिकन अभ्यासक माल्कम नोल्स यांच्याकडून आलं. प्रौढांना आपलं आपण ठरवायचं असतं, त्यांच्या गाठीशी अनुभव असतो, प्रत्यक्ष अडलेल्या प्रश्नाशी जोडलेलं असेल तरच ते शिकतात, वगैरे. म्हणणं मोलाचं आहे, पण ते लोकांनी पोथीसारखं धरलं. खुद्द नोल्स यांनी १९७० च्या पुस्तकाच्या उपशीर्षकात मुलांचं शिक्षण 'विरुद्ध' प्रौढांचं शिक्षण असा सामना लावला होता, आणि १९८० च्या आवृत्तीत तो काढून 'एकाकडून दुसऱ्याकडे' असं केलं. म्हणजे दोन वेगळ्या जातींची माणसं नव्हेत, एकच माणूस विषयागणिक कधी या टोकाला, कधी त्या.

वर्गातला अर्थ असा, की पंचवीस वर्षं दुकान चालवलेला माणूस मालाच्या हिशेबाबाबत तुम्हालाच चार गोष्टी शिकवेल, पण फॉर्म्युला लिहिताना तो कोरी पाटी आहे. तिथे त्याला 'तुम्हाला हवं तसं शोधून बघा' म्हणणं हा छळ आहे. तिथे त्याला हवं असतं की इथे क्लिक करा, हे लिहा, एंटर दाबा. स्वातंत्र्य कशाची शीट बनवायची यात द्या, बरोबरचं चिन्ह (=) कुठे टाकायचं यात नको.

आणि कृपा करून कोणी 'हा पाहून शिकणारा, तो ऐकून शिकणारा' अशी वाटणी सुचवू नका. त्या प्रकारानुसार शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा नाही, असं पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ सालच्या आढाव्यात स्पष्ट लिहून ठेवलं आहे.

---

उशिराचाविद्यार्थी

मी पलीकडच्या बाकावरून बोलतो. निवृत्तीनंतर संगणकाच्या वर्गाला गेलो होतो.

रिकामाफळा सर, तुम्ही उत्साह शोधताय. उत्साह होताच हो! नसता तर या वयात फी भरून, घरच्यांची थट्टा ऐकून, गुडघे दुखत असताना जिना चढून आलो असतो का? अडचण भीतीची असते. ऑफिसात लोक आमच्या सहीसाठी थांबायचे, आणि इथे दोनदा पटापट क्लिक करणं जमत नाही. शेजारचा पोरगा काम संपवून फोन बघत बसलेला असतो. अशा वेळी 'समजलं का' विचारल्यावर मान हलवण्याखेरीज माणूस काय करणार?

आमचे सर चांगले होते, पण मी अडलो की माझ्या हातातला माऊस घ्यायचे आणि दोन सेकंदांत काम उरकून द्यायचे. दर वेळी मी थोडा मागे सरकून बसायचो. त्यांना वाटायचं मदत झाली. मला कळायचं ते एवढंच, की हे मला जमणारं नाही आणि यांना थांबायला वेळ नाही.

एक विनंती: शिकणाऱ्याच्या माऊसला हात लावू नका. पाठीमागे हात बांधून उभे राहा, तोंडाने सांगा, आणि चुकलं तरी त्यालाच परत करू द्या.

दुसरं म्हणजे 'वा! फारच छान!' हे जरा जपून. एक बेरीज आली म्हणून टाळ्या वाजवल्या की आपल्याला लहान मूल समजताहेत असं वाटतं. 'मागच्या वेळी हे करताना तुम्ही मेनू शोधत होता, आज थेट गेलात,' असं कोणी म्हटलं की बरं वाटतं, कारण ते खरं असतं.

---

निवांतपोपट

उशिराचाविद्यार्थी काका, प्रतिसाद जपून ठेवला. +१०० फक्त माऊसच्या वाक्याला.

---

तळटीप

काकांनी जे अनुभवातून सांगितलं त्याला मानसशास्त्रात भक्कम आधार आहे. 'हे मला जमेल' हा विश्वास कुठून येतो, याचे चार स्रोत अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये मांडले. स्वतः करून जमणं, हा सगळ्यात बलवान. आपल्यासारख्याच कोणाला ते जमताना पाहणं, हा दुसरा. तिसरा, इतरांनी दिलेला धीर. चौथा, त्या क्षणी शरीर काय सांगतंय, म्हणजे धडधड, घाम वगैरे. आपले बहुतेक शिक्षक तिसऱ्यावरच सगळा जोर लावतात, 'येईल हो, सोपं आहे!' त्यातही 'सोपं आहे' हे सगळ्यात वाईट. सोपं असूनही जमलं नाही तर माणसाने स्वतःबद्दल काय समजायचं? त्यापेक्षा 'हे पहिल्यांदा सगळ्यांनाच किचकट वाटतं' म्हणा.

दुसरा स्रोत मात्र फुकट असून कोणी वापरत नाही. मागच्या बॅचमधल्या साधारण त्याच वयाच्या, त्याच परिस्थितीतल्या कोणाला तरी अर्धा तास बोलवा. अगदी हुशार निवडू नका. धडपडत शिकलेला निवडा, आणि कुठे कुठे अडलो होतो हेच त्याला सांगायला सांगा. तरबेज माणूस पाहून लोक थक्क होतात, पण 'मलाही येईल' असं त्यांना वाटत नाही.

धडधडीबद्दल अवांतर: गणिताची धास्ती असलेल्यांवर २००१ साली अॅशक्राफ्ट आणि कर्क यांनी केलेले प्रयोग वाचण्यासारखे आहेत. हिशेब करताना जे आकडे डोक्यात धरून ठेवावे लागतात, त्यांची जागा काळजीच खाऊन टाकते. म्हणजे घाबरलेल्या माणसाला खरोखरच कमी सुचत असतं. त्याला आळशी किंवा मंद ठरवण्याआधी हे लक्षात ठेवलेलं बरं.

---

पाठवलेलामाणूस

तुमचे विद्यार्थी निदान स्वतःच्या पायांनी येतात. मी कंपन्यांत सक्तीचं प्रशिक्षण घेतो. समोर बसलेल्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं, 'साहेबांनी पाठवलं म्हणून आलोय, लवकर सोडा.'

माझ्याकडे तीन गोष्टी चालतात.

सुरुवातीलाच खरं बोलतो: हे सक्तीचं आहे, तुम्हाला विचारलेलं नाही, मलाही माहीत आहे. हे उघड बोलल्यावर वर्ग थोडा सैल होतो. 'तुम्हाला हे शिकण्याची सुवर्णसंधी मिळाली आहे' म्हणणारा वक्ता तिथेच माणसं गमावतो.

मग लगेच छोटी चाचणी. जे आधीच येतंय ते पुन्हा ऐकायला बसवण्याइतका अपमान दुसरा नाही. ज्यांना येतं त्यांना तो भाग माफ. काही जण यासाठी इतकं मन लावून चाचणी सोडवतात की बघत राहावं.

तिसरी, निवड. विषय ठरलेला असतो, पण क्रम, उदाहरण, एकट्याने की जोडीने, हे त्यांचं त्यांनी ठरवायचं. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या तीन भुका सांगितल्यात: आपलं आपण ठरवता येणं, जमतंय असं वाटणं, आणि आपलेपणा. पहिली पुरवायला पूर्ण स्वातंत्र्य लागत नाही, खरीखुरी छोटी निवड पुरते. निवड खोटी असेल तर मात्र लोक लगेच ओळखतात.

बॅजचं म्हणाल तर डेसी यांचाच १९७१ चा प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी दिली. काहींना सोडवण्याचे पैसे दिले, मग बंद केले. नंतरच्या मोकळ्या वेळात त्यांची कोड्यांतली गोडी कमी झालेली दिसली. तुमचे बॅज कोणी मनावर घेतले नाहीत हे एका परीने बरंच झालं म्हणायचं.

---

शंकासूर

@पाठवलेलामाणूस, शेवटच्या परिच्छेदावर जरा ब्रेक. बक्षिसाने गोडी मरते की नाही यावर नंतर बरीच वर्षं हमरीतुमरी झाली आहे. आधीच आवडणाऱ्या कामावर 'हे केलंस तर ते मिळेल' असं आमिष लावलं तर तोटा होतो, हे बऱ्यापैकी टिकलं. ज्या कामात मुळात गोडीच नाही, तिथे मरायला काय आहे? आणि सर्टिफिकेटला बॅजच्या पंगतीत बसवू नका. ज्याला ते दाखवून नोकरी मिळणार आहे त्याच्यासाठी तो खरा मोबदला आहे.

---

पाठवलेलामाणूस

मान्य. सर्टिफिकेटला माझा विरोध नाही, 'आठवड्याचा विद्यार्थी' या प्रकाराला आहे.

---

धोपटमार्गी

एवढा काथ्याकूट कशाला? अनामत रक्कम घ्या, ऐंशी टक्के हजेरी भरली तर परत. सगळे येतील.

---

खडूवाली

येतील हो, पण शरीराने. आणि ज्यांच्या शिफ्ट बदलतात, घरी आजारी माणूस आहे, त्यांची अनामत जाईल. म्हणजे ज्यांना आधीच जड जातंय त्यांनाच दंड.

के. पॅट्रिशिया क्रॉस यांनी १९८१ मध्ये प्रौढांच्या अडथळ्यांचे तीन गट केले होते. परिस्थितीचे: वेळ, पैसा, घर. संस्थेचे: वेळापत्रक, अर्ज, नियम. आणि मनातले: 'माझं वय झालं', 'मला शाळेतही येत नव्हतं'. पहिल्या गटातला माणूस बुडाला की आपण त्याला तिसऱ्यात टाकतो, 'इच्छाच नाही' म्हणतो. अनामतीने परिस्थिती बदलत नाही.

खरी गळती कुठे होते ते सांगते, कारण यावर कोणी फारसं बोलत नाही. माणूस एक तास चुकवतो. काही तरी घडलेलं असतं. दुसरा चुकवतो कारण पहिला चुकल्यामुळे आता काही कळणार नाही असं वाटतं. तिसऱ्याला यायची लाज वाटते. इच्छा असते, पुस्तक टेबलावर असतं, पण दार उघडून सगळ्यांच्या नजरा झेलत आत शिरायचं धैर्य नसतं. आणि शिक्षक बहुधा हसत हसत म्हणतो, 'अरे वा, आज सूर्य कुठून उगवला!' झालं, संपलं. तो माणूस पुन्हा दिसत नाही.

यावर मी काय करते? प्रत्येक तास शक्य तेवढा स्वतःपुरता ठेवते, म्हणजे त्या दिवशी आलेल्या कोणालाही काही तरी एक पूर्ण काम करून घरी जाता येतं. आधीच्या तासावाचून ज्याचं अडतं अशा गोष्टी सुरुवातीच्या दहा मिनिटांत सगळ्यांकडूनच करून घेते, त्यामुळे बुडवलेल्याला वेगळं काढावं लागत नाही. न आलेल्याला त्याच रात्री एक संदेश जातो: आज हे झालं, ही फाइल, पुढच्या वेळी इथून सुरुवात. 'का आला नाहीत' हे विचारत नाही. आला की जागा दाखवते आणि कामाला लावते, बाकी चर्चा नाही.

वरवर बघता यात प्रेरणा कुठेच नाही. पण मला हजेरीत सगळ्यात मोठा फरक यानेच दिसला.

---

उशिराचाविद्यार्थी

ताई, तो सूर्य उगवण्याचा विनोद मी ऐकलेला आहे. लोक हसले, मीही हसलो. त्यानंतर गेलो नाही.

---

ओळखअक्षरं

उशिरा आलो धाग्यावर. मी साक्षरतेच्या वर्गात स्वयंसेवक आहे, त्यामुळे माझे विद्यार्थी आणखी वेगळे.

ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांचा उल्लेख अजून कोणी केला नाही याचं आश्चर्य वाटलं. १९६३ मध्ये ब्राझीलमधल्या अंजिकोस गावात सुमारे ३०० मजुरांना त्यांनी जेमतेम दीड महिन्यात वाचायला-लिहायला शिकवल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. पुढच्याच वर्षी लष्करी उठाव झाला, काम बंद पडलं, त्यांना तुरुंगात टाकलं. ते राजकारण बाजूला ठेवू, नाहीतर धागा भरकटेल. पद्धत बघा: आधी शिकवणारे लोकांत जाऊन त्यांच्या बोलण्यातले शब्द गोळा करत, कामाचे, हत्यारांचे, घराचे. त्यातले मोजके निवडून त्यांच्यावर आधी चर्चा आणि मग त्यांचीच अक्षरं फोडायची. विद्यार्थी म्हणजे रिकामी पेटी आणि शिक्षक तीत ठेव टाकणारा, या कल्पनेवर त्यांचा राग होता.

स्प्रेडशीटच्या वर्गात याचं रूप अगदी सोपं आहे. पाठ्यपुस्तकातली 'एबीसी कंपनीची विक्री' फेकून द्या. प्रत्येकाने आपल्या कामातला एक कागद आणायचा: उधारीची वही, मालाची यादी, सोसायटीच्या वर्गणीचा तक्ता. महिनाभर त्याच एका कागदावर काम. आज त्याची बेरीज, उद्या क्रमवारी, परवा थकबाकी लाल रंगात. लोकांची नावं आणि रकमा बदलून आणायला सांगा, दुसऱ्याची उधारी वर्गासमोर यायला नको.

---

तळटीप

ओळखअक्षरं, उत्तम. यात एक भर: उजळणी. प्रौढांना परीक्षा नको असते, शाळेच्या आठवणी असतात, म्हणून शिक्षक चाचणी टाळून तेच पुन्हा समजावून सांगतात. पण रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं, आणि आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले. फसवी गोष्ट ही, की पुन्हा वाचणाऱ्यांचाच आत्मविश्वास जास्त होता.

तेव्हा तासाच्या सुरुवातीला कोरी शीट, दोन प्रश्न, आणि उत्तर ज्याचं त्यानेच तपासायचं. गुण नाहीत, नावं नाहीत. चाचणी हा शब्दही उच्चारू नका.

---

निवांतपोपट

पण वयाचं काय? मेंदूच साथ देत नसेल तर? पन्नाशीनंतर शिकणं अवघड असतं असं सगळेच म्हणतात.

---

खडूवाली

सगळेच म्हणतात, आणि माझे विद्यार्थी ते ऐकून वर्गात येतात. वेग आणि चटकन आठवणं वयाप्रमाणे कमी होतं हे खरं, नाकारण्यात अर्थ नाही. वेळ जास्त द्यावा. पण 'मुलं पटकन शिकतात' हेही अर्धंच आहे. नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांचा १९७८ चा अभ्यास आहे, स्नो आणि हुफनागेल-ह्योले यांचा. डच शिकताना पहिल्या काही महिन्यांत किशोरवयीन आणि मोठी माणसं लहान मुलांच्या पुढे होती. मुलांनी नंतर गाठलं. हे मी पहिल्याच तासाला सांगते, खांदे जरा खाली येतात.

---

रिकामाफळा

मंडळी, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, उशिराचाविद्यार्थी काकांचे विशेष.

या आठवड्यात तीन गोष्टी करून पाहिल्या. 'समजलं का?' बंद करून प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली: आज कुठे अडलं, नाव लिहायचं नाही. जवळपास सगळ्यांचं एकाच ठिकाणी अडलं होतं, फॉर्म्युला खाली ओढला की सेलचे पत्ते का बदलतात तिथे. चिठ्ठ्या वाचून दाखवल्यावर लोक एकमेकांकडे बघायला लागले, प्रत्येकाला वाटत होतं आपणच एकटे. दुसरं, न आलेल्यांना संदेश. काही परत आले, काहींनी उत्तर दिलं नाही. एकाने कळवलं की त्याला हवं ते आलं, आता येणार नाही, आभारी आहे. हूल साहेबांचा पहिला नमुना!

तिसरं, स्वतःचा कागद आणणं. हे निम्मंच जमलं. काही जण काहीच आणत नाहीत, 'तुम्हीच द्या सर' म्हणतात.

आणि एक प्रश्न उरला. वर्गात एक तरतरीत तरुण आहे. सगळं आधी संपवतो, मोठ्याने उत्तरं सांगतो, बाकीचे गप्प होतात. त्याला दाबायचं नाही, पण काय करू?

---

पाठवलेलामाणूस

त्याला 'इतरांना मदत कर' असं मोघम सांगू नका. तो माऊस हिसकावेल.

---

खडूवाली

अगदी. त्याला काकांचा नियम लावा: हात पाठीमागे, फक्त तोंडाने, आणि तेही विचारल्यावरच. उत्तर न सांगता पुढचा प्रश्न विचारायचा. हे त्याला अवघड जाईल, म्हणजे त्यालाही तासभर शिकायला काही तरी मिळेल. शिवाय त्याला स्वतःचा मोठा कागद द्या, पिव्होट टेबल (मोठ्या यादीचा गटवार गोषवारा काढणारा तक्ता) लागेल असा. आणि तोंडी उत्तरं काही दिवस बंदच ठेवा, सगळ्यांनी आधी लिहायचं, मग शेजाऱ्याला दाखवायचं, मग बोलायचं.

कागद न आणणाऱ्यांचं म्हणाल तर त्यांना दोन-तीन तयार कागदांतून एक निवडू द्या. घरचा हिशेब चारचौघांत उघडायचा नसेल, तर तो त्यांचा हक्क आहे.